वाण्याच्या वहीतला संप

गिरणगावातल्या बहुतेक घरांत देवाच्या फळीखाली किंवा मसाल्याच्या डब्यामागे एक छोटी वही खोचलेली असे. तांदूळ, तूरडाळ, गूळ, चहापूड, कपड्याचा साबण असे महिन्याभराचे सामान तिच्यात तारीखवार उतरलेले असायचे. तशीच नोंद वाण्याकडच्या खातेवहीत. पगार झाला की कामगाराची बायको वही घेऊन दुकानात जायची, दोन्हीकडचे आकडे जुळवायची, पैसे चुकते करायची. मग त्याच पानावर आडवी रेघ ओढून नव्या महिन्याची उधारी सुरू व्हायची. गिरणीचा भोंगा वाजतो आहे तोवर पगार येणार, हे वाण्यालाही ठाऊक होते. त्या भरवशावर परळ, लालबाग, शिवडी, वरळी, डिलाईल रोड इथली लाखो घरे जेवत होती.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतल्या साठाच्या आसपास गिरण्यांमधले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या महिन्याखाली रेघ ओढायची राहून गेली.

या संपाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत, गिरणीमालक, सरकार, गिरण्यांच्या जमिनी या सगळ्यांची चर्चा झाली, अजूनही होते. ती व्हायलाच हवी. पण अडीच लाख पगार एका दिवशी थांबल्यावर ती घरे पुढे चालली कशी, चूल पेटती कोणी ठेवली, आणि त्यासाठी काय काय विकले, गहाण टाकले, सोडून दिले, हे त्या मोठ्या गोष्टीत नेहमी दोन ओळींत उरकले जाते. माझ्या मते संपाचा खरा इतिहास तिथेच आहे. म्हणून हा लेख त्या वहीच्या बाजूने.

एका पगारावर घर उभे राहण्याची ही रीत मुंबईत सव्वाशे वर्षांत घडली होती. 1854 साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला पहिली कापड गिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापन केली. पुढच्या पन्नास वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंत चिमण्यांचे रान उभे राहिले. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर इथून माणसे येत राहिली. कोकणातली शेती चार महिन्यांपलीकडे पोसत नव्हती आणि घाटावरच्या कोरडवाहू रानाचा नेम नव्हता. आधी एकटा गडी यायचा, गावकीच्या खोलीत राहायचा. दहा-बाय-बाराच्या खोलीत वीस-वीस जण आपापल्या पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा होई. महिन्याकाठी गावी मनिऑर्डर जायची. पुढे ज्याला खोली मिळाली त्याने बायकापोरे आणली, आणि मग त्या खोलीत भाऊ, मेहुणा, गावचा कोणी बदली कामगार असे सगळे मावले. एका पगारावर मुंबईतली पाच-सहा आणि गावाकडची चार-पाच तोंडे, हा हिशेब सर्रास होता.

गिरणगावाला संप नवा नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीतून 1890 साली रविवारची सुट्टी मिळाली, तिथपासून कामगारांना एकजुटीची किंमत कळलेली होती. 1928 साली लाल बावट्याखाली सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर राहिले. 1974 साली 42 दिवसांचा संप झाला. संपात घर कसे चालवायचे याची एक शहाणी रीत या अनुभवांतून बसली होती. घरातल्या एकाने गावी जायचे, वाण्याला दोन महिने थांबायला सांगायचे, सणाचे कपडे पुढे ढकलायचे, फार तर बायकोच्या पाटल्या सोनाराकडे ठेवायच्या. संप मिटला की सगळे पुन्हा जाग्यावर. 1982 च्या जानेवारीतही घराघरांत हाच अंदाज होता. दोन महिने, फार तर तीन.

मुळात कामगार इतक्या टोकाला आले का? एक कारण शेजारच्या खोलीत राहत होते. त्याच चाळीत कोणी इंजिनिअरिंगच्या कारखान्यात होता, कोणी औषधांच्या कंपनीत. सत्तरच्या दशकात त्यांचे पगार भराभर वाढले, आणि त्यांतल्या अनेक कारखान्यांत ती वाढ मिळवून देणारे घाटकोपरचे डॉक्टर दत्ता सामंत होते. एकेकाळी गिरणी कामगार हा मुंबईतला वरच्या पगाराचा कामगार. तो आता चाळीतच मागे पडला होता. त्यात बदल्यांचा प्रश्न. बदली कामगार म्हणजे हातात कार्ड आहे, पण रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे आणि कोणी कायम कामगार गैरहजर असेल तरच आत जायचे. महिन्यात दहा दिवस भरतील की वीस, सांगता येत नसे. बदलीत दहा-दहा वर्षे काढलेली माणसे होती.

दुसरे कारण कायद्यात होते. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणधंद्यात एकाच संघटनेला मान्यता मिळत होती, आणि ती काँग्रेसच्या इंटकशी जोडलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. मालकांशी करार करायचा तो संघाने, आणि तो सगळ्यांवर बंधनकारक. कामगारांचा संघावर विश्वास उरला नव्हता, पण त्याला बाजूला सारण्याची सोपी वाट कायद्यात नव्हती. 1981 च्या दिवाळीत संघाने मान्य केलेला बोनस कामगारांच्या अपेक्षेच्या पार खाली आला आणि ठिणगी पडली. स्टँडर्ड मिलचे कामगार घाटकोपरला सामंतांकडे गेले, तुम्हीच आमचे पुढारी व्हा म्हणून गळ घातली. गिरणधंद्याची अवस्था वेगळी आहे, हा लढा लांबेल, हे सामंतांना दिसत होते. मागे हटण्याची कामगारांची तयारी नव्हती. पगारवाढ, बदल्यांना कायम करणे, घरभाडे भत्ता, आणि सगळ्यांत वर त्या कायद्याचा आणि संघाच्या मक्तेदारीचा शेवट, अशा मागण्या घेऊन संप सुरू झाला.

कामगारांना चाळीतून न दिसणारी तिसरी गोष्ट या दोन्हींपेक्षा मोठी होती. धंदाच खचत चालला होता. कित्येक गिरण्यांत पन्नास-पन्नास वर्षांपूर्वीचे साचे चालत होते, नफा नव्या यंत्रांत न जाता मालकांच्या दुसऱ्या उद्योगांत जात होता. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथले यंत्रमाग तेच कापड कमी मजुरीत, कमी करात आणि कायद्याच्या कटकटीविना विणत होते. लोक सुती सोडून टेरिकॉटकडे वळले होते. संप सुरू झाला तेव्हा अनेक मालकांकडे न विकलेल्या कापडाचे ढीग पडून होते. नंतर गरज पडली तेव्हा कापड भिवंडीतून विणून आले आणि त्यावर गिरणीचा छाप बसला. 1928 साली गिरणी बंद पडली की मालकाचा जीव वरखाली होत असे. 1982 साली बंद गिरणी त्याला तितकीशी बोचत नव्हती. हा फरक वेळेवर कोणाच्या ध्यानात आला नाही, आणि त्याची भरपाई कामगारांच्या घरांनी केली.

राजकारणानेही घात केला. संपाच्या तोंडावरच मुख्यमंत्री अंतुले यांना पायउतार व्हावे लागले, त्यांच्या जागी बाबासाहेब भोसले आले, वर्षभरात तेही गेले आणि वसंतदादा पाटील आले. सामंतांपुढे इथे नमते घेतले तर उद्या ते गोदीत आणि बंदरात शिरतील, अशी धास्ती दिल्लीला होती, असे बहुतेक अभ्यासक मानतात. संप बेकायदा ठरवला गेला होता. बोलणी कोणाशी करायची, तर मान्यताप्राप्त संघाशी. आणि संघाच्या मागे कामगार नव्हते. गाठ अशी बसली होती.

आता घरात या.

फेब्रुवारी-मार्चपर्यंत फारसे काही बिनसले नाही. वाणी थांबला. थांबणे त्याला भाग होते, कारण त्याची सगळी गिऱ्हाइके संपावर होती. रेशनवरचा तांदूळ, गहू, साखर मिळत होती. खोल्यांची भाडी जुन्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे इतकी कमी होती की चार महिने थकली तरी रस्त्यावर यायची पाळी येत नसे. या एका गोष्टीने गिरणगाव तगले, असे मला वाटते. आजच्या मुंबईत अडीच लाख पगार बंद झाले तर दुसऱ्या महिन्यात बिऱ्हाडे रस्त्यावर येतील. तेव्हा डोक्यावरचे छप्पर शाबूत राहिले. बी.डी.डी. चाळीतली 160 चौरस फुटांची खोली हे त्या काळातले सगळ्यांत मोठे विमा-संरक्षण होते.

एप्रिल-मेपासून वहीतली पाने बदलतात. आधी बंद होतात न लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे बिस्किटे, अंगाचा साबण, खोबरेल. मग दूध फक्त लहान पोरापुरते. मग तूरडाळीच्या जागी मसूर, पुढे कुळीथ, आणि तोही गावाहून आलेला. आठवड्याची सागुती महिन्यावर, मग सणावर. रेशनचे धान्य स्वस्त होते, पण ते रोखीनेच घ्यावे लागे. रोख नाही म्हणून कार्डावरचा कोटा सोडून द्यायचा आणि वाण्याकडून महाग माल उधार घ्यायचा, असे उलटे अर्थशास्त्र सुरू झाले. वाणीही शेवटी घाऊक बाजाराला देणे लागत होता. पावसाळा उजाडेपर्यंत अनेक दुकानांत नवी उधारी बंद झाली.

घरात असलेले हळूहळू बाहेर जाऊ लागले. पाटल्या, कानातले, शेवटी मंगळसूत्रातल्या वाट्या. तांब्यापितळेची भांडी मोडीत. लग्नात आलेला, नाव कोरलेला हंडा मोडीत देताना वजनावर भाव होतो, नावाला काही मिळत नाही. शिलाई मशीन मात्र शक्यतो कोणी विकले नाही. रेडिओ गेला, घड्याळ गेले, मशीन राहिले. त्यामागे बायकांचा विचार पक्का होता.

आणि तिथेच या काळाचा दुसरा भाग सुरू होतो. गिरण्या बंद झाल्यावर गिरणगाव बायकांच्या कमाईवर चालले.

हे सहज घडले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांमध्ये बायकांची संख्या मोठी होती, दर पाचांत एक तरी. मग यंत्रे आली, रात्रपाळीचे नियम आले, आणि पहिली गदा दरवेळी बायकांवर आली. ऐंशीच्या सुमारास गिरणीत त्या नावालाच उरल्या होत्या. पण घरात बसून कमावणे त्यांनी कधी सोडले नव्हते. त्यातली सगळ्यांत मोठी कमाई खानावळीची. घरातल्या चार माणसांच्या भाकऱ्यांबरोबर आणखी दहा-पंधरा एकट्या कामगारांचे दोन वेळचे जेवण ही बाई पहाटे चारला उठून करायची. डबे गिरणीच्या दारात पोचायचे, पैसे महिन्याने मिळायचे. मधल्या महिन्यासाठी तीही वाण्याकडून, सावकाराकडून जबर व्याजाने उचलायची. 1974 च्या संपात याच बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातले. त्या अनुभवानंतर प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि खानावळवाल्या बायकांना सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. सुरुवात अवघ्या 14 बायकांपासून झाली होती.

1982 च्या संपाने या बाईला दोन्हीकडून गाठले. नवऱ्याचा पगार बंद, आणि जेवणाऱ्यांचेही पगार बंद. जेवणारे बाकी ठेवून गावी निघून गेले. काही परत आले, काही आलेच नाहीत. तिच्या वहीत येणे पुष्कळ, वाण्याच्या वहीत देणे पुष्कळ, आणि हातात रोख काही नाही. तरीही या खानावळी एकदम बंद पडल्या नाहीत. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन जो मौखिक इतिहास सिद्ध केला, त्यात ही सगळी दुनिया बोलते. ते पुस्तक मराठीतही आले आहे. गिरणगावाशी ज्यांचा संबंध नाही त्यांनीही ते वाचावे.

ज्यांना खानावळ जमली नाही त्यांनी मिळेल ते केले. दादरच्या बाजारातून पहाटे भाजी आणून चाळीच्या तोंडाशी बसल्या. हिंदू कॉलनीत, माटुंग्याला, पेडर रोडला धुणीभांडी धरली. पापड लाटले, मसाले कुटून दिले, कपड्यांना काजे-बटणे लावली, खेळण्यांचे आणि पेनांचे सुटे भाग डझनावर जोडून दिले. गिरणी कामगाराच्या बायकोने दुसऱ्याच्या घरची भांडी घासणे हे चाळीत कमीपणाचे मानले जाई. म्हणून कित्येक जणी काम लांबच्या वस्तीत शोधायच्या आणि शेजारणीला देवळात जाते असे सांगून निघायच्या. शेजारीणही तेच सांगून निघालेली असायची. नवरे घरी होते. सकाळी उठून भोंग्याच्या वेळेला तयार व्हायची सवय, आणि जायला कुठे नाही. वीस वर्षे साचे चालवणारा माणूस खोलीत पाण्याची कळशी भरून ठेवू लागला, पोरींच्या वेण्या घालू लागला. कोणी हे मनापासून केले, कोणाला ते सोसवले नाही आणि तो गुत्त्याच्या वाटेला लागला. दोन्ही खरे आहे, आणि दोन्ही एकाच मजल्यावर घडत होते.

गावाने आधार दिला. सव्वाशे वर्षे पैसा मुंबईहून गावी जात होता, तो ओघ आता उलटा फिरला. एस.टी.च्या टपावरून तांदळाची, नाचणीची पोती मुंबईला येऊ लागली. घाटावरून ज्वारी आणि भुईमुगाच्या शेंगा. सामंतांच्या संघटनेनेही धान्य वाटले, आणि ते बरेचसे गावागावांतून गोळा झालेले होते. पावसाळ्याच्या तोंडावर हजारो कामगार लावणीसाठी गावी गेले. पण गावालाही मर्यादा होती. ज्या घराला मुंबईच्या मनिऑर्डरवर मीठ-मिरची घ्यायची सवय, त्या घरात मुंबईचाच माणूस बायकोपोरांसह येऊन राहिला. भावाभावांत वाटण्या झाल्या नव्हत्या तिथे झाल्या. सातारा-सांगलीकडचे काही जण रोजगार हमीच्या खडीवर गेले. डच अभ्यासक एच. व्हॅन वेर्श यांनी या संपाचा जो तपशीलवार अभ्यास केला, त्यात संप इतका टिकण्यामागे कामगारांचे हे गावाशी असलेले नाते मोठे होते, हे स्पष्ट दिसते. मी त्यात एवढेच जोडेन की टिकण्याची किंमत गावाकडच्या सासू-जावांच्या ताटातूनही वजा होत होती.

ऑगस्ट उजाडला. गणपती तोंडावर आले होते, गिरणगावाचा सगळ्यांत मोठा सण. 18 ऑगस्टला मुंबईचे पोलीसच संपावर गेले. त्यांच्या संघटनेची मान्यता सरकारने काढून घेतली होती, पुढारी पकडले होते. त्या दिवशी शहरात दंगल उसळली, गिरणी कामगार रस्त्यावर आले, शेवटी लष्कर बोलवावे लागले. पोलिसांचा संप लगेच मोडला. गिरण्यांचा चालूच राहिला.

हळूहळू काही कामगार कामावर परतू लागले. दरवाजात हमीपत्र लिहून द्यावे लागे. परतणाऱ्याला चाळीत फितूर म्हणत, त्याच्या घराशी बोलणे टाकत. त्याच्या घरातही मूल उपाशी होते, हे बोलणाऱ्यालाही माहीत असायचे. आज चाळीस वर्षांनंतर त्या परतलेल्यांचा निवाडा करायला मी धजणार नाही.

1983 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने मुंबईतल्या 13 गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला. अपोलो, कोहिनूर, फिन्ले, जाम, एल्फिन्स्टन, दिग्विजय, पोद्दार ही त्यांतली काही नावे. बाकीच्या गिरण्या कमी माणसांत, निवडून घेतलेल्या माणसांत सुरू झाल्या. अभ्यासकांचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण लाखाच्या वर कामगार पुन्हा कधीच आत गेले नाहीत, यावर फारसे दुमत नाही.

आणि संप? तो मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही.

या गोष्टीचे वजन घरावर काय पडले ते पाहू. धंदा बुडाला, नोकरी गेली, असे एका तारखेला कळले तर माणूस रडतो, पडतो आणि उठून दुसरे काम धरतो. गिरणी कामगाराला ती तारीख कोणी दिली नाही. त्यामुळे तो पुढची कित्येक वर्षे जे काही करत होता ते त्याच्या लेखी ‘तात्पुरतं’ होते. वॉचमनची नोकरी तात्पुरती, वडापावची गाडी तात्पुरती, मंडईतली हमाली तात्पुरती. कोणी भिवंडीला यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळीत गेला, जिथे त्याच्याच गिरणीचे कापड विणले जात होते, तेही तात्पुरतेच. गिरणी सुरू झाली की जायचे आहे. म्हणून पोराला पूर्ण वेळ धंद्यात घालायचे नाही, म्हणून गावी शेतात पैसा घालायचा नाही.

यातला सगळ्यांत कठीण पेच हिशेबाचा. हिशेब घेणे म्हणजे फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे उचलून गिरणीशी संबंध संपवणे. वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीचे ते पैसे गिरणीत पडून होते, घरात डाळ नव्हती, आणि तरी हजारो कामगारांनी हिशेब घेतला नाही. घेतला तर हक्क गेला. बायको म्हणायची घ्या, नवरा म्हणायचा थांब. या एका वाक्यावरून गिरणगावातल्या किती खोल्यांत रात्री भांडणे झाली असतील याची गणती नाही. ज्यांनी शेवटी घेतला त्यांचे पैसे आधी वाण्याला आणि सोनाराला गेले, उरले त्यात एखादे लग्न उरकले. ज्यांनी नाही घेतला, त्यांच्या हातात पुढे गिरणी बंद झाल्यावर जे आले ते महागाईने खाल्लेले होते.

माणसे सामंतांवर मात्र उलटली नाहीत. 1984 च्या डिसेंबरात, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या काँग्रेसच्या लाटेत, गिरणगावाने त्यांना लोकसभेवर पाठवले. संप सुरू होऊन तीन वर्षे होत आली असताना त्याच माणसाला मत देणाऱ्या बायकापुरुषांना अडाणी म्हणणे सोपे आहे. मला त्यात स्वाभिमान दिसतो. जानेवारी 1997 मध्ये पवईत सामंतांची हत्या झाली तेव्हा अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी अशाच घरांतली होती.

मुलांचे काय झाले? याचे उत्तर हिंदी सिनेमाने एकाच पद्धतीने दिले. गिरणी कामगाराचा पोरगा टोळीत गेला. गेले, काही निश्चित गेले, आणि त्यातले काही चकमकीत मेले. पण शंभर घरांतल्या दोन घरांची ती गोष्ट. उरलेल्या अठ्ठ्याण्णव घरांत दहावी झालेला पोरगा कुरियरच्या पिशव्या वाहू लागला, रात्रशाळेत जाऊ लागला. आणि त्याच्याही आधी त्याच्या बहिणीची शाळा सुटली. आई कामाला बाहेर पडली तेव्हा घरचे पाणी, धाकटी भावंडे, चूल हे सगळे बारा-तेरा वर्षांच्या मुलीकडे आले. पुढे त्यातल्या कित्येक मुली पंधराव्या-सोळाव्या वर्षी मशीनवर बसल्या किंवा कारखान्यात पॅकिंगला लागल्या, आणि भावाच्या फीचे पैसे त्यांच्या मजुरीतून गेले. त्यांच्यावर सिनेमा निघाला नाही. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने, 1997 साली, रंगमंचावर गिरणी कामगाराचे घर आतून उभे केले, आणि त्या घराच्या मध्यभागी आई होती. म्हणून ते नाटक पाहताना परळ-लालबागची माणसे रडली.

पुढचा भाग मुंबईला डोळ्यांनी दिसतो. 1991 साली विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींसाठी 58 वा नियम आला. ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन शहराच्या मोकळ्या जागांना, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना आणि एक तृतीयांश मालकाला, अशी वाटणी ठरली. 2001 साली त्यात बदल होऊन ही वाटणी फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला, आणि सुमारे 600 एकरांतला फारच थोडा तुकडा सार्वजनिक वाट्याला आला. जिथे साचे होते तिथे मॉल आणि मनोरे आले. 1989 साली मॉडर्न मिलचे कामगार दत्ता इस्वलकर यांनी बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली आणि नोकरी परत मिळत नसेल तर निदान या जमिनीवर घर द्या, ही मागणी शेवटपर्यंत लावून धरली. 2021 च्या एप्रिलमध्ये ते गेले.

घरे थोडी मिळाली. जून 2012 मध्ये म्हाडाच्या पहिल्या मोठ्या सोडतीत 6,925, मार्च 2020 मध्ये बॉम्बे डाईंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची 3,894, मधे पनवेलजवळ कोनला काही. अर्ज दीड लाखांच्या वर. तोवर पुष्कळ कुटुंबांनी चाळीतली खोली विकून डोंबिवली, दिवा, नालासोपारा, विरार गाठले होते. सोडतीत नाव लागले ते कळवायला गेले तेव्हा काहींचा फोटो भिंतीवर होता, हार घातलेला.

घरासाठी पात्र कोण, तर 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर ज्याचे नाव होते तो, किंवा त्याचा वारस. त्यासाठी तिकीट नंबर, हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, फंडाचा कागद असे पुरावे लागतात, आणि लोकांनी ते चाळीस वर्षे पत्र्याच्या पेटीत सांभाळले. पंधरा माणसांना जेवू घालणाऱ्या, भांडी घासून घर तारणाऱ्या बाईचे नाव कुठल्याच पटावर नव्हते. तिच्या श्रमाचा एकच लेखी पुरावा होता, ती वही. आणि देणे फिटल्यावर वही कोण ठेवतो?

तरी काही घरांत ती अजून असेल. तुमची आजी किंवा आई गिरणगावातली असेल, तर तिची खानावळीची वही, वाण्याकडची उधारीची पाने, सोनाराच्या गहाणपावत्या एकदा शोधा. सापडल्या तर रद्दीत देऊ नका. आणि ती हयात असेल, तर तिच्याजवळ बसून विचारा की 82 सालच्या पावसाळ्यात घरात काय शिजत होते, आणि लिहून घ्या.